वाढीव अकरा मिनिटं

५ जानेवारी, रविवार. जळगाव.

नानांनी आज एका फोनमध्ये 'वाढीव' हा शब्द सात वेळा वापरला. मी मोजलं. 

तोताराम नाना माझ्या सिनेमाचे निर्माते. पहूरच्या अलीकडे त्यांचं केळी पिकवण्याचं केंद्र आहे, आणि तिथल्याच एका थंड खोलीत मी 'चार टक्के हवा' शूट केला. पांढऱ्या जाड भिंती, लोखंडी दार, पंख्याची घरघर. अंतराळयान म्हणून दुसरं काही उभारावंच लागलं नाही. कॅप्टन आदित्य यान बिघडून एकटा अडकतो, हवा संपत येते, आणि एक्क्याऐंशी मिनिटांत तो जेमतेम वीस वाक्यं बोलतो. शांतता हाच माझा सिनेमा आहे. दोन वर्षं मी त्या शांततेवर घालवली. धुळ्याच्या पहिल्या शोला तीस माणसं होती आणि मध्यंतरानंतर नऊ. त्या नऊंतही दोघं झोपलेली.

आता नाना म्हणतात, टॉकीज गेली खड्ड्यात, घरोघरी टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह काढू. "पण वाढीव पायजे. आरे भो, मले सांग, लोकं पैसे देऊन शांतता कायले घेतीन? ती तं फुकट भेटते!"

प्रज्ञा हसली. माझ्याच बायकोने हसावं, म्हणजे कमाल झाली.

९ जानेवारी, गुरुवार.

केंद्रावर गेलो होतो. नानांनी यादीच केली होती, केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. सुरुवातीला चाळीस शुभेच्छुकांचे फोटो. यानात नारळ फोडण्याचा सीन. चंदेरी कागद गुंडाळलेल्या पोरींचं एक गाणं. कॅप्टनचा एक विनोदी मित्र, जो यानात वांग्याचं भरीत करतो.

"नाना, अंतराळात ज्योत पेटवली की हवा संपते. हवा नाही म्हणून तर सिनेमा आहे!"

"मंग? दोन मिनिटं जास्त संपीन. भरीत तं होईन ना."

यादीत शेवटी होतं: 'माय'. ते वाचून डोकंच फिरलं.

ते प्रकरण असं. यानातून घरी वायरलेस लागतो आणि आई मुलाशी बोलते, असा एक प्रसंग मी लिहिला होता. ठरलेली बाई आली नाही, म्हणून केंद्रावर केळीच्या फण्या धुणाऱ्या बेबाबाईंना माईकसमोर बसवलं. बाई पारोळ्याकडच्या, पन्नाशीच्या, कामाला इकडे आलेल्या. चेहरा दिसणार नव्हता, कॅमेरा पाठीमागे होता. सांगितलं होतं चार वाक्यं बोला. बाई बोलल्या अकरा मिनिटं! आदित्यला बारा वेळा 'नवल' म्हणाल्या. वरून बाप मारून टाकला. आदित्यचा बाप शास्त्रज्ञ आहे, खालच्या केंद्रात बसून पोराला वाचवतो, आणि ते काम खुद्द नानांनी केलंय. मी तो अख्खा प्रसंग कात्रीने उडवला होता. शांततेच्या सिनेमात एक बाई अकरा मिनिटं रडते, ही काय तऱ्हा?

निघताना बेबाबाई पाण्याच्या हौदापाशी होत्या. हात पुसत आल्या.

"भाऊ, मन्हं बोलणं टाकशात का आते?"

"बघू."

"हाऊ पेनड्राइव्ह सुरतले जाई का?"

प्रसिद्धीची हौस बघा. धुळं-जळगाव पुरत नाही, बाईंना सुरत पाहिजे! म्हटलं, जाईल, तिकडे आपल्याकडची माणसं गल्लोगल्ली आहेत. तशा परत फण्या धुवायला गेल्या.

१२ जानेवारी, रविवार.

भरीत शूट झालं. लग्नांत मिमिक्री करणारा जीवराम आणला होता. त्याने माझ्या यानात, माझ्या नियंत्रण पटलावर, वांगी भाजली. तेल उडालं. भिंतीवर डाग पडला आणि वर सगळे म्हणाले, मिरची कमी आहे. नानांनी पंक्तीच बसवली. यानात पंक्ती!

मी खाल्लं नाही. (दोन घास खाल्ले. भरीत चांगलं होतं. त्याचाच जास्त संताप आला.)

२० जानेवारी, सोमवार.

नाना 'माय' सोडायला तयार नाहीत. "माय बोलली की बाया रडतेत. बाया रडल्या की पेनड्राइव्ह जातो." पण बाप मेल्याचं वाक्य मात्र त्यांनाही नको. पडद्यावर आपल्याला कुणी मेला म्हणालं तर आयुष्य घटतं म्हणे.

मग बसलो दुरुस्तीला. अकरा मिनिटांची चार केली. बापाचं सगळं काढलं. राहता राहिला नवल. पाठमोरी बाई आहे, ओठ दिसत नाहीत, म्हणजे नुसता शब्द बदलला की काम झालं. प्रज्ञाचा आवाज जरा जाड केला की बेबाबाईंच्या आवाजाला लागून जातो. तिला माईकसमोर बसवलं आणि बारा वेळा 'आदित्य' म्हणायला लावलं.

तिसऱ्या हाकेला ती थांबली. "हा नवल कोण रे?"

"कोणी नाही. बाई नाव विसरली."

"बारा वेळा? एकच नाव?"

"गोंधळ झाला की एकच चूक डोक्यात बसते. नव्या कलाकारांचं होतं असं."

"विचारलंस का तिला?"

"चूक काय विचारायची असते? ती सुधारायची असते."

प्रज्ञाने उरलेल्या नऊ हाका मारल्या, पण मन लावून मारल्या नाहीत. मला आठवी परत घ्यावी लागली. काम मात्र असं बेमालूम झालंय की सांधा शोधून सापडणार नाही. या अख्ख्या वाढीव घाणीत हे एकच काम मी अभिमानाने केलं, असं म्हणायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.

'चार टक्के हवा, वाढीव घरगुती आवृत्ती'चं प्रकाशन झालं, केंद्राच्या गोदामात. दोन तास चाळीस मिनिटं. पेनड्राइव्हच्या पाकिटावर जीवराम आणि वांगं मोठं, आणि कॅप्टन आदित्य कोपऱ्यात एवढासा. मागे 'संपर्क' म्हणून माझाच नंबर. नानांनी नानांचाच सत्कार केला. म्हणजे शाल मीच घातली, पण आणली त्यांनी होती. शी!

सगळ्या बाया सिनेमा बघायला थांबल्या. बेबाबाई धुवट निळं पातळ नेसून पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर. भरताला लोक हसून लोळले. गाण्याला शिट्ट्या. मग माय. गोदाम चिडीचूप झालं आणि नानांचं खरं ठरलं, बाया डोळे पुसायला लागल्या. एकट्या बेबाबाई नाही रडल्या. नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या, मान जराशी कलती करून, लांबचं ऐकू येत नसल्यावर माणूस करतो तशी.

संपल्यावर माझ्याकडे आल्या.

"भाऊ, आवाज मन्हा शे. हाक मन्ही नही."

म्हटलं, "बेबाबाई, तुम्ही घेतलेलं नाव चुकलं होतं ना. ते सुधारून घेतलं. आता झकास झालंय."

"आन बाप?"

"बाप जिवंत आहे सिनेमात. नाना आहेत ना!"

 बाईंनी विचारलं, पेनड्राइव्ह सुरतला गेले का. सांगितलं, सकाळीच केळीच्या ट्रकबरोबर दोन खोके गेले. तर बाई तिथंच पायरीवर बसल्या. उन्हात. आनंद झाला असावा. पहिल्यांदा पडद्यावर आल्यावर माणसं अशीच गळून जातात.

११ फेब्रुवारी, मंगळवार. धुळे.

कामासाठी आलो होतो. आग्रा रोडच्या एका दुकानात माझा सिनेमा उवांच्या कंगव्यांशेजारी लटकवलेला दिसला. दुकानातल्या टीव्हीवर तोच चालू. आदित्य खिडकीतून पृथ्वीकडे बघतो, तो माझा चार मिनिटांचा अखंड शॉट आला, आणि दुकानदाराने रिमोट दाबून पळवला. भरीत आलं तसा थांबला. मागे घेऊन परत लावलं.

"मस्त पिच्चर शे," मला म्हणाला. "मजारमा तेवढं ते बोअर शे." मधलं तेवढं बोअर, म्हणजे माझा शॉट.

धुळ्याच्या बसस्टँडवर ऊन असं की डोकं भणभणलं. मला या लोकांचा वीट आलाय. मी कुणासाठी सिनेमा काढला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

आज एक नग भेटला. फोनवर.

दुपारी अनोळखी नंबर, सुरतेचा. मागे भांड्यांचा खणखणाट. माणूस आपल्याकडचाच, अहिराणी बोलणारा.

"हाऊ पिच्चर तुम्हनाच शे का?"

म्हटलं, हो, भरीत माझं नाही, बाकीचा माझा.

"त्या पिच्चरमानी माय... ती आदित्य आदित्य काबर करस?"

"म्हणजे?"

"आदित्य कोण शे तिन्हा?"

आता काय सांगावं? दीड तास एकच आदित्य पडद्यावर लोंबकळतोय आणि हा विचारतो आदित्य कोण! म्हटलं, "मुलगा आहे तिचा. एकुलता एक."

 मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला,

"बाप शे का घर?"

"आहे ना, ठणठणीत! मोठा शास्त्रज्ञ आहे. पिक्चर बघितलात ना तुम्ही?"

"बरं," म्हणाला. "सुखी शे मंग ती."

"शेवटी पोरगा परत येतो म्हटल्यावर सुखीच असणार," मी म्हटलं. त्याने फोन ठेवून दिला.

घ्या. ही प्रेक्षकांची अक्कल. सिनेमातली माणसं खरी समजून त्यांची खुशाली विचारायला फोन करतात. प्रज्ञाला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, आवाज कसा होता त्याचा? म्हटलं, आवाजाला काय करायचंय.  हल्ली घरात कुणाला विनोद कळत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.

आजचं आजच लिहून टाकतो.

केंद्रावर गेलो होतो. नानांना दुसरी वाढीव आवृत्ती पाहिजे, भरतानंतर शेवभाजीची. बाया फण्या धूत होत्या, नाना चहा पीत होते, आणि मी रंगात येऊन त्या सुरतवाल्याचा किस्सा सांगितला. आवाज काढून दाखवला. 'बाप शे का घर?' आणि माझं उत्तर, 'ठणठणीत!' नाना पोट धरून हसले.

बाया हसल्या नाहीत. पाण्याचा आवाज बंद झाला म्हणून मी मागे बघितलं. बेबाबाईंच्या हातातली फणी हौदात पडली होती.

"आवाज कसा व्हता त्यान्हा?"

नऊ दिवसांपूर्वी प्रज्ञाने हेच विचारलं होतं. शब्दाला शब्द.

मी म्हटलं, जरा घोगरा. बोलताना मध्येच थांबत होता.

"आन काय बोलना तो? परत सांग भाऊ. बठ्ठं सांग."

सगळं परत सांगितलं. या वेळी आवाज काढला नाही. शेवटचं 'सुखी शे मंग ती' सांगितल्यावर बाईंनी ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. मला काहीच कळेना. मग त्यांच्या शेजारच्या कलाबाईने मला तोंडावर सुनावलं. नवल हा बेबाबाईंचा मुलगा. बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा बापाने, रुपचंदने, भर गल्लीत चपलेने मारला आणि सांगितलं, मी जिवंत आहे तोवर उंबऱ्यात पाय टाकू नको. पोरगा गेला. पाच वर्षं झाली. नंबर बंद. कुणीतरी एकदा सुरतेच्या उधना स्टेशनवर बघितला होता, तेवढंच. नंतर रुपचंद वारला. पोराला कळवायचं कुठे?

"तुम्हीच बोलले ना भाऊ," कलाबाई म्हणाली, "पोरगा लांब आभाळात आहे, घरी बोलवा त्याला. तिनं बोलावलं."

म्हणजे बाई नाव चुकली नव्हती. एकदाही नाही. बारा वेळा बरोबर होती. आणि बाप मेला हे तिला सांगायचं होतं, कारण बाप आहे म्हणूनच तो येत नव्हता. मी ते वाक्य काढलं. आणि तेवढ्याने पुरलं नाही म्हणून, नवलने स्वतः फोन करून विचारलं तेव्हा, मी बाप जिवंत करून दाखवला. ठणठणीत! आईला नवा मुलगा पण दिला.

भरताची किळस, गाण्याची किळस, दुकानदाराची किळस, दीड महिना नुसती किळस लिहितोय या वहीत. सगळ्यांत घाणेरडं काम मीच केलं आणि ते अभिमानाने लिहून ठेवलं. २० जानेवारी. आत्ता वाचलं. पान फाडणार होतो. नाही फाडलं. राहू दे, बघायला.

तो नंबर लावला. उधन्यातली खाणावळ निघाली. मालक म्हणाला, इथे दोनशे लोक जेवतात, फोन काउंटरवर असतो, कुणी केला काय माहीत. नवल नावाचं कुणी? तो म्हणाला, आम्ही नावं विचारत नाही, ताटं मोजतो.

त्याच्यावर रागवायचं मला तोंड नाही.

४ मार्च, मंगळवार.

नानांकडे गेलो. म्हटलं, दुसरी वाढीव आवृत्ती मी काढतो, पण माझ्या मनासारखी. मायचा प्रसंग पहिल्यांदा, सिनेमा सुरू व्हायच्या आधी. पूर्ण अकरा मिनिटं, एक शब्द न कापता.

"आन बाप?"

"बाप मेलेला."

नाना उठून उभे राहिले. "राजदीप, मी सत्तरीचा माणूस. माझ्या तोंडावर मले मारतो का तू?"

"शास्त्रज्ञ मरतोय, नाना. तुम्ही नाही."

"सगळ्या तालुक्याले माहीत हाये शास्त्रज्ञ कोण ते!"

तासभर वाद. मी ओरडलो, ते ओरडले. दाराबाहेर बाया उभ्या. शेवटी नानांचं लक्ष बेबाबाईंकडे गेलं.  नानांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली.

"मार भो मले," म्हणाले. "पण फोटोले हार नको घालू. तेवढं सांभाळ."

घरी येऊन मूळ टेप काढली. त्यात माझाही आवाज आहे, कॅमेऱ्यामागून. मी विसरलोच होतो. तिसऱ्या मिनिटाला मी ओरडतो, 'कट, कट! बेबाबाई, आदित्य म्हणा!' बाई थांबत नाहीत. पाचव्याला परत, 'अहो बाई, बाप जिवंत आहे!' तरी थांबत नाहीत. "नवल, ये रे घर. तुन्हा बाप आते नही शे. आते कोणी रागे भरनार नही. दार उघडं शे." माझं खेकसणं काढून टाकणं सोपं होतं, एका मिनिटाचं काम. नाही काढलं. तिने कुणाच्या आरडाओरड्यातून हाक मारली ते त्याला कळू दे.

बघताना प्रज्ञा रडली. म्हणाली, माझ्या बारा हाका पुसून टाक, कुठेच ठेवू नको. पुसल्या.

९ मार्च, रविवार. सुरत. गाडीची वाट बघत लिहितोय.

बेबाबाईंना बरोबर चला म्हटलं होतं. नाही आल्या. "माले दखीसन तो पयी जाई. तू फक्त मन्ही हाक लई जाय." त्यांना बघितलं की तो पळून जाईल म्हणे.

खाणावळ म्हणजे पत्र्याची लांब शेड. रविवार, म्हणून दुपारी गर्दी. टीव्हीवर आमचीच पहिली आवृत्ती चालू, जीवराम वांगी भाजतोय आणि पन्नास जण ताटावर बसून दात काढतायत. मालकाला पेनड्राइव्ह दिला. म्हटलं, नवीन वाढीव आहे. वाढीव म्हटल्यावर खूश झाला, लगेच लावला.

पाठमोरी बाई. वायरलेस. लोक म्हणाले, अरे भरीत लाव भरीत! मग मी ओरडतो ते आलं, 'आदित्य म्हणा!' त्याला हशा पिकला. मला माझ्याच आवाजाची अशी घाण वाटली की भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पण हळूहळू हसणं कमी होत गेलं. सातव्या मिनिटाला शेडमध्ये वाढप्याच्या पळीचाही आवाज नव्हता. परत वळून मी एकेक तोंड बघत राहिलो. कुणीही असू शकला असता. सगळे आपल्याच घरचे वाटत होते.

अकरा मिनिटं संपली, यान सुरू झालं, लोक परत जेवायला लागले. कुणी उठलं नाही. वाटलं, आज आलाच नसेल. किंवा त्या दिवसानंतर खाणावळच सोडली असेल, माझ्या उत्तरामुळे.

मग शेवटच्या रांगेतला एक जण उठला. चोवीस-पंचवीसचा, मिलचे तंतू केसांत अडकलेले. ताट अर्धं तसंच. नळावर गेला आणि नुसते हातच धूत राहिला, खूप वेळ. मालक ओरडला, पाणी बंद कर. त्याने बंद केलं आणि सरळ माझ्याकडे आला. माझा आवाज ओळखला असावा.

"बाप कधी गया?" त्याने विचारलं.

 ती अकरा मिनिटं मी शंभर वेळा ऐकली होती. कापली होती, जोडली होती, परत कापली होती. आणि हे मी बेबाबाईंना अजून विचारलंच नव्हतं.

बेबाबाईंकडे फोन नाही, म्हणून कलाबाईचा नंबर लावला, बेबाबाईंना बोलवायला सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला.